शब्दाची जागा

नोकरी करणाऱ्या मुलामुलींचा इंग्रजीचा एक संध्याकाळचा वर्ग मी काही वर्षं घेत होतो. बहुतेक जण मराठी शाळेत शिकलेले आणि दुकानात, बँकेत, दवाखान्यात नुकतेच कामाला लागलेले. एका सोमवारी मी विचारलं, रविवार कसा गेला? एक मुलगी धीर करून उठली आणि म्हणाली, 'आय वॉज ॲट होम. आय वॉज व्हेरी बोअरिंग.' दिवसभर घरात बसून कंटाळा आला, हे तिला सांगायचं होतं. तिने सांगितलं ते असं की ती स्वतःच फार कंटाळवाणी होती. वर्गात कुणालाही काही खटकलं नाही. सगळ्यांना तिचा अर्थ कळला होता, कारण सगळ्यांनी तो मनातल्या मनात मराठीतूनच ऐकला होता.

ही चूक अभ्यास न केल्यामुळे झालेली नव्हती. तिची मुळं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. 'मला बोअर झालं', 'तो फार बोअर करतो', 'काय बोअर माणूस आहे', 'सिनेमा? एकदम बोअर!' ही चारही वाक्यं आपण सहज बोलतो आणि चारही ठिकाणी 'बोअर' तसाच राहतो, त्याचा काना बदलत नाही की मात्रा. इंग्रजी शब्द मराठीत येतो तेव्हा तो आपली जात दाराबाहेर काढून ठेवतो, आणि आत आल्यावर त्याला 'कर', 'हो', 'मार', 'दे' असं एखादं मराठी क्रियापद जोडून आपण कामाला लावतो. 'अप्लाय कर', 'फोन कर', 'रेडी कर' या तिन्हींत 'कर' एकच आहे. पण 'अप्लाय' हे मुळात क्रियापद, 'फोन' इथे नाम आणि 'रेडी' विशेषण. मराठी वाक्याला या फरकाची गरज पडत नाही, त्यामुळे बोलणाऱ्याच्या कानालाही त्याची सवय लागत नाही.

अडचण येते ती हेच शब्द घेऊन पुन्हा इंग्रजीत जाताना. 'मी ॲग्री आहे' हे मराठीत खपून जातं, म्हणून 'आय ॲम ॲग्री' तोंडातून निघतं. 'तो फेल झाला' वरून 'ही इज फेल' होतं. 'ॲग्री' आणि 'फेल' ही दोन्ही क्रियापदं आहेत. त्यांना 'ॲम' किंवा 'इज' यांचा आधार लागत नाही, ती स्वतःच्या पायावर उभी राहतात: 'आय ॲग्री', 'ही फेल्ड'. 'फेल' नाम म्हणूनही चालतो. 'विदाउट फेल' या ठरलेल्या शब्दांत तो नामच आहे, आणि परीक्षेतल्या नापास शेऱ्यालाही 'अ फेल' म्हणतात. एरवी अपयश सांगायला 'फेल्युअर' वापरतात.

त्या मुलीला मी फळ्यावर दोन बैल काढून दाखवले. एक मारका बैल, एक मारलेला बैल. शब्द एकाच धातूचे, पण पहिला बैल समोरच्याला शिंग लावतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर वळ असतात. 'बोअरिंग' म्हणजे मारका, 'बोअर्ड' म्हणजे मारलेला. कंटाळा देतो तो 'बोअरिंग', कंटाळा सोसतो तो 'बोअर्ड'. 'इंटरेस्टिंग' आणि 'इंटरेस्टेड', 'कन्फ्यूझिंग' आणि 'कन्फ्यूझ्ड', 'टायरिंग' आणि 'टायर्ड', सगळीकडे हाच हिशेब. पुढचे कित्येक दिवस वर्गात कुणी चुकलं की मागच्या बाकावरून 'मारका!' अशी हाक यायची आणि बोलणारा आपलं वाक्य सुधारून घ्यायचा.

आता 'जात' या शब्दाबद्दल. शाळेत आपण 'शब्दांच्या जाती' शिकतो आणि नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हा आठांचा पाढा म्हणतो. जात म्हटलं की आपल्या मनात येतं ते जन्माने मिळालेलं आणि न बदलणारं काहीतरी. इंग्रजीतला मूळ शब्द मात्र 'पार्ट्स ऑफ स्पीच', म्हणजे बोलण्याचे भाग. आणि 'पार्ट' म्हणजे नाटकातली भूमिकासुद्धा. आज शिपाई झालेला नट उद्या राजा होऊ शकतो. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाने 'जात' हा शब्द बाजूला ठेवून 'भूमिका' हा शब्द धरला, तर निम्मं कोडं तिथेच सुटतं असं माझं मत आहे.

शब्दांची अशी वाटणी फार जुनी आहे. आपल्याकडे यास्काने 'निरुक्ता'त पदांचे चार प्रकार सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. ग्रीक भाषेत डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ भाग आहेत, पण ते आपले आठ नव्हेत. त्यात विशेषण वेगळं नाही, ते नामातच धरलंय, आणि केवलप्रयोगी तर नाहीच. लॅटिनमध्ये उपपद नव्हतं, म्हणून रोमन वैयाकरणांनी ते काढलं आणि आठाचा आकडा राखायला केवलप्रयोगी आत घेतलं. ही परंपरा इंग्रजीत आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं, त्या काळात इंग्रजी व्याकरणाचा हा साचा आपल्याकडे रुजत होता. आठ हा आकडा दगडावरची रेघ नाही, एवढं यातून समजलं तरी पुरे.

ग्रीक, लॅटिन, संस्कृत आणि मराठी या सगळ्यांत शब्दाची भूमिका बरीचशी त्याच्या अंगावर लिहिलेली असते. इंग्रजीत तसं नाही. एक बनावट वाक्य घेऊ: 'टामक्या बोडराने फिसलं गुमवली.' यातला एकही शब्द मराठीत नाही, तरी कुणी केलं, काय केलं, बोडर कसा होता, फिसलं एक की अनेक, सगळं तुम्हाला सांगता येईल. ते 'ने' सांगतो, 'ली' सांगते, 'टामका'चं सामान्यरूप सांगतं. शब्दांची उलथापालथ करून 'फिसलं गुमवली टामक्या बोडराने' म्हटलं तरी करणारा बोडरच राहतो. आता हेच इंग्रजीत: 'द टामकी बोडर गुम्ड द फिसल्स.' इथेही सगळं कळतं, पण आता बोडर आणि फिसल्स यांच्या जागा बदलून पाहा. लगेच करणारे फिसल्स झाले आणि बोडर बिचारा गुमवला गेला. त्याच्या अंगावर कर्त्याची काही खूण नव्हती. तो क्रियापदाच्या आधी बसला होता, एवढ्यावरच तो कर्ता होता.

निरर्थक शब्दांचा हा खेळ लुइस कॅरलने १८७१ च्या 'थ्रू द लुकिंग ग्लास'मधल्या कवितेत रंगवला. चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये तीच कल्पना व्याकरणाच्या पायाशी नेली. लोकांच्या टेलिफोनवरच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं घेऊन तो बसला आणि शब्दांचे वर्ग त्यांच्या अर्थावरून न पाडता, ते वाक्यातल्या कोणत्या जागेत बसू शकतात यावरून पाडले. 'व्यक्ती, वस्तू किंवा स्थळाचं नाव म्हणजे नाम' ही शाळेतली व्याख्या अशा कामात टिकत नाही. 'वॉटर' हे वस्तूचं नाव आहे ना? मग 'वॉटर द प्लान्ट्स' म्हणजे 'झाडांना पाणी घाल', यात नाम कुठे गेलं?

'राउंड' या एका शब्दाकडे जरा जवळून पाहू. 'अ राउंड टेबल' मध्ये तो विशेषण आहे: गोल. 'द फर्स्ट राउंड' मध्ये नाम: फेरी. 'द बस राउंडेड द कॉर्नर' मध्ये क्रियापद: वळसा घातला. 'ही टर्न्ड राउंड' मध्ये क्रियाविशेषण: मागे. 'दे सॅट राउंड द फायर' मध्ये शब्दयोगी: भोवती. मराठीत पाच वेगळे शब्द लागले तिथे इंग्रजीने एकाच शब्दाला पाच जागी बसवलं. म्हणून कोशात 'राउंड' उघडला की पहिला अर्थ उचलून परत येऊ नये. अर्थाच्या आधी बारीक तिरप्या अक्षरात भूमिकेची खूण छापलेली असते. आपल्या वाक्यातली जागा आधी ओळखायची, मग त्या खुणेखालचे अर्थ वाचायचे. मुलं हे उलट करतात आणि 'शेकोटीगोल बसले' असं काहीतरी लिहून बसतात.

जागा ओळखायच्या खुणा फार नाहीत आणि त्या बहुतेक बारक्या शब्दांत असतात. 'अ', 'ॲन', 'द', 'माय' दिसले की पुढे कुठेतरी नाम येणार हे नक्की. मध्ये विशेषण घुसेल, पण शेवटी नामाशिवाय सुटका नाही. 'कॅन', 'विल', 'मस्ट' आले की क्रियापद येणार. ही लहान माणसं वाक्यातून काढली की मोठ्यांची ओळख पटेनाशी होते. कार्यालयाच्या गटावर साहेबांचा तीन शब्दांचा निरोप आला असं समजा: 'प्लॅन चेंजेस टुमॉरो.' आता काय करायचं? 'द प्लॅन चेंजेस टुमॉरो' असेल तर उद्या बेत बदलतोय, आपण स्वस्थ बसायचं. 'प्लॅन द चेंजेस टुमॉरो' असेल तर काय बदलायचं त्याची आखणी उद्या आपल्यालाच करायची आहे. एक 'द' गाळला की नाम कोणतं आणि क्रियापद कोणतं, याचाच पत्ता लागत नाही. आपले लोक इंग्रजी लिहिताना 'द' ला चिल्लर समजून सर्रास गाळतात, कारण मराठीत त्याला जोडीदार नाही. पण मराठीत 'ने' आणि 'ला' जी राखण करतात, ती इंग्रजीत बरीचशी या चिल्लरीवर सोपवलेली आहे.

यंत्रांचीही इथे फसगत झालेली आहे. १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात अँथनी ऑटिंगर आणि सुसुमु कुनो संगणकाकडून इंग्रजी वाक्यांची फोड करून घेत होते. त्यांनी त्याला 'टाइम फ्लाइज लाइक ॲन ॲरो' हे वाक्य दिलं. कुणाही इंग्रज मुलाला त्याचा एकच अर्थ दिसेल: काळ बाणासारखा झरकन निघून जातो. संगणकाला एकाहून जास्त अर्थ सापडले. 'टाइम' हे क्रियापदही आहे, वेळ मोजणे, आणि 'फ्लाइज' म्हणजे माश्या. मग अर्थ झाला, बाणाचा वेळ मोजावा तसा माश्यांचा वेळ मोज! आणखी एक वाट: 'टाइम फ्लाइज' ही माश्यांची एखादी जात धरली, 'हाउस फ्लाइज' म्हणजे घरमाश्या असतात तशी, आणि 'लाइक' हे क्रियापद, आवडणे. मग या 'काळमाश्यां'ना बाण आवडतो. व्याकरणाच्या दृष्टीने यातलं काहीच चूक नाही. पाच शब्दांपैकी तिघांना दोन-दोन भूमिका येतात, आणि त्यांतली नेमकी कोणती हे ठरवायला माणूस नकळत जगाचं ज्ञान वापरतो. माश्यांना बाण आवडत नाहीत हे संगणकाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

इंग्रजी अशी झाली कशी? हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्या मराठीसारखीच प्रत्ययांची भाषा होती. प्रेम हे नाम होतं 'लुवु' आणि प्रेम करणे हे क्रियापद 'लुवियन'. झोप म्हणजे 'स्लॅप', झोपणे म्हणजे 'स्लॅपन'. शेपटावरून जात ओळखू येत होती. पण त्या भाषेत जोर शब्दाच्या सुरुवातीवर पडे, त्यामुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांशी रोजचा व्यवहार करताना प्रत्ययांची घासाघीस झाली. १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली, दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये गेलं, इंग्रजी शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या तोंडी राहिली आणि तिला जुन्या रूपांत धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. 'लुवु' आणि 'लुवियन' दोघांचीही शेपटं झडली आणि दोघेही 'लव्ह' झाले. त्या झडलेल्या शेपटाची खूण म्हणून 'लव्ह'च्या स्पेलिंगात शेवटी एक मुका 'ई' अजून लिहितात.

प्रत्यय गेले तशी शब्दांच्या क्रमावर सगळी भिस्त आली, आणि त्याबरोबर एक मोकळीकही आली. अंगावर खूणच नाही म्हटल्यावर नामाला क्रियापदाच्या जागी बसायला अडवणार कोण? शेक्सपिअरने ही मोकळीक मनसोक्त वापरली. 'रिचर्ड द सेकंड'मध्ये त्याने 'अंकल'चं क्रियापद केलं, 'किंग लिअर'मध्ये 'चाइल्ड' आणि 'फादर' या नामांवरून 'चाइल्डेड' आणि 'फादर्ड' अशी रूपं घडवली. भाषाशास्त्रात याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. काहीही न जोडता, काहीही न काढता शब्दाने भूमिका बदलायची.

अशी बदली रुचत नाही असे लोकही कायम असतात. बेंजामिन फ्रँकलिन अनेक वर्षं फ्रान्समध्ये राहून अमेरिकेत परतला तेव्हा त्याला लोकांच्या बोलण्यात नवी क्रियापदं ऐकू आली. डिसेंबर १७८९ मध्ये त्याने कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून तक्रार केली की 'नोटिस', 'ॲडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' ही नामं लोक क्रियापदासारखी वापरू लागले आहेत, याला आळा घाला. फ्रँकलिनसारख्या माणसाच्या कानाला ती बोचली. आज तिन्ही शाळेच्या पुस्तकात आहेत. 'गूगल' हे कंपनीचं नाव, पण २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाने ते क्रियापद म्हणून नोंदवलं. आपल्याला मात्र इथे काहीच बोचलं नाही. आपण आपल्या पद्धतीने 'गूगल कर' म्हणून मोकळे झालो.

पण याचा अर्थ कुठलाही शब्द कुठेही बसतो असा नाही, आणि मराठी माणूस सर्वांत जास्त घसरतो तो इथेच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं काही जागांवर आधीच कुणाचा तरी रुमाल पडलेला असतो. 'सक्सेस' हे नाम. त्याला क्रियापदाच्या जागी बसायचं आहे, पण तिथे 'सक्सीड'ने रुमाल टाकलाय. म्हणून 'आय विल सक्सेस' होत नाही, 'आय विल सक्सीड' म्हणावं लागतं. विशेषणाच्या जागी 'सक्सेसफुल', क्रियाविशेषणाच्या जागी 'सक्सेसफुली'. उलट 'वॉटर'च्या क्रियापदाची जागा रिकामी होती, तो जाऊन बसला. नवा शब्द शिकताना एकटा शिकू नये, त्याच्या भावंडांसकट शिकावा, असं मी वर्गात सांगत असे. वहीच्या एका ओळीत चौघंही लिहायची आणि ज्याची जागा रिकामी असेल तिथे रेघ मारायची. ही सवय लागली की सहा महिन्यांत फरक दिसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कधी कधी भावंडांत फरक इतका बारीक असतो की तो फक्त कानाने टिपता येतो. 'ॲडव्हाइस' हे नाम, शेवटी 'स'. 'ॲडव्हाइझ' हे क्रियापद, शेवटी 'झ'. सल्ला दिला तर 'गिव्ह ॲडव्हाइस', कुणाला उपदेश केला तर 'ॲडव्हाइझ हिम'. 'यूस' म्हणजे उपयोग, 'यूझ' म्हणजे वापरणे, आणि स्पेलिंग दोन्हींचं एकच. 'हाउस' घर, 'हाउझ' घरात ठेवून घेणे. 'प्रूफ' पुरावा, 'प्रूव्ह' सिद्ध करणे. 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह' तसेच. नीट पाहिलं तर एक नियम हाती लागतो: नामाच्या शेवटी कठोर व्यंजन, क्रियापदाच्या शेवटी मृदू. ज्याने शाळेत संधी शिकली आहे त्याला हे ओळखीचं वाटेल. 'वाक्' आणि 'ईश' मिळून 'वागीश' होतो, पुढे स्वर आला की कठोर 'क्' मृदू 'ग्' होतो. 'हाउस'च्या क्रियापदाला जुन्या इंग्रजीत शेवटी स्वरांचा प्रत्यय होता. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं 'स' मऊ पडून 'झ' झालं. पुढे प्रत्यय झडला, पण मऊपणा राहिला. 'प्रूफ' आणि 'प्रूव्ह' ही जोडी फ्रेंचमधून आलेली, तरी तिनेही हीच चाल धरली.

दुसरा फरक आघाताचा, म्हणजे जोर शब्दाच्या कुठल्या भागावर पडतो त्याचा. नामात पहिल्या भागावर, क्रियापदात दुसऱ्यावर. जोर हलला की स्वरही बदलतो, म्हणून देवनागरीत तो बऱ्याचदा लिहूनही दाखवता येतो: 'रेकॉर्ड' नोंद, 'रिकॉर्ड' नोंदवणे. 'प्रेझेंट' भेट, 'प्रिझेंट' सादर करणे. 'ऑब्जेक्ट' वस्तू, 'अब्जेक्ट' हरकत घेणे. 'कॉन्डक्ट' वागणूक, 'कंडक्ट' चालवणे. आपल्या एसटीतला कंडक्टर क्रियापदापासून झालेला आहे, त्याच्या नावात 'कं' आहे तो त्यामुळे. 'इम्पोर्ट'सारख्या शब्दात मात्र स्वर जवळजवळ तोच राहतो आणि फक्त जोर हलतो, तिथे लिपीचा उपयोग नाही, ऐकावंच लागतं. मराठीत अशा आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण दोन्ही सारखेच उच्चारतो. जोर हलवून नाम आणि क्रियापद वेगळं करण्याची ही रीत इंग्रजीत हळूहळू वाढलेली आहे. पीटर लेव्हिन्सने १५७० मध्ये काढलेल्या शब्दसंग्रहात अशा जोड्या फक्त तीन आढळतात: 'आउटलॉ', 'रेबेल' आणि 'रेकॉर्ड'. आज त्या शंभराच्या वर गेल्या आहेत.

क्रियाविशेषणाची गोष्ट वेगळी. मराठीत आपण 'छान गाणं' म्हणतो आणि 'छान गाते' असंही म्हणतो. 'छान'ला दोन्ही जागा चालतात. त्यामुळे 'शी सिंग्ज गुड' आपल्याला बरोबर वाटतं. इंग्रजीत गाणं 'गुड' असतं, पण गाते ती 'वेल'. मग मुलं शहाणी होतात आणि दिसेल तिथे 'ली' लावू लागतात, आणि खड्ड्यातून निघून विहिरीत पडतात. एका विद्यार्थ्याने मित्राची शिफारस करताना लिहिलं होतं, 'ही हार्डली वर्क्स'. त्याला म्हणायचं होतं, तो फार कष्ट करतो. झालं असं की तो क्वचितच हात हलवतो. 'हार्ड', 'फास्ट', 'लेट' यांना जुन्या काळी क्रियाविशेषण करताना शेवटी नुसता एक स्वर लागत असे. तो स्वर झडला आणि विशेषण व क्रियाविशेषण एकसारखे दिसू लागले. म्हणून 'वर्क हार्ड', 'रन फास्ट', 'कम लेट'. 'हार्डली' आणि 'लेटली' यांनी पुढे वेगळेच संसार थाटले: 'हार्डली' म्हणजे जेमतेम, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'फास्टली' असा शब्दच प्रचारात नाही.

या 'ली'चा उगमही सांगण्यासारखा आहे. तो 'लीच' या जुन्या शब्दाचा तुकडा आहे, आणि त्याचा अर्थ होता शरीर, रूप. 'फ्रेंडली' म्हणजे मित्राच्या रूपाचा, मित्रासारखा. म्हणून 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली' ही विशेषणं आहेत, शेवटी 'ली' असूनही. 'ही स्पोक फ्रेंडली' हे त्यामुळे अडखळतं. शेपूट पाहून जात ठरवायची आपली मराठी खोड इथे दगा देते.

आणखी एक जागा आहे, नामाच्या अगदी आधीची. तिथे विशेषण बसतं, पण इंग्रजी तिथे दुसरं नामही बिनदिक्कत बसवते: 'वॉटर टँक', 'स्कूल बस'. हा आपला तत्पुरुष समास आहे. 'घोडागाडी'त गाडी महत्त्वाची, घोडा तिची ओळख सांगतो. तसंच 'हॉर्स रेस' म्हणजे घोड्यांची शर्यत आणि 'रेस हॉर्स' म्हणजे शर्यतीचा घोडा. शेवटचा शब्द मालक. या जागेवर बसलेलं नाम विशेषणाची शिस्त पाळतं, आणि इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नसतं. म्हणून दहा रुपये 'टेन रुपीज' असले तरी दहा रुपयांची नोट 'टेन रुपी नोट', आणि जोडे कितीही असले तरी दुकान 'शू शॉप'. आपल्याकडे 'टेन रुपीज नोट' इतकं सर्रास म्हणतात की बरोबर बोलणाराच चुकल्यासारखा वाटतो.

अव्ययंही जागा बदलतात. 'पण-बिण काही ऐकणार नाही' असं आई म्हणते तेव्हा 'पण' हे उभयान्वयी अव्यय नाम होऊन बसलेलं असतं. 'जर-तरच्या गोष्टी' तशाच. इंग्रजीत 'इफ्स' आणि 'बट्स' यांना सरळ अनेकवचनाचा 'एस' लावतात. हा स्वभाव आपल्यालाही परका नाही.

राहता राहिला 'होम'. 'आय ॲम गोइंग टू होम' ही चूक मी जितक्या वेळा सुधारली, तितकी दुसरी कुठलीही सुधारली नसेल. मुलं विचारायची, 'सर, गोइंग टू स्कूल चालतं, गोइंग टू द ऑफिस चालतं, मग होमनेच काय पाप केलं?' पुस्तकात उत्तर असतं की 'होम' इथे क्रियाविशेषण आहे, म्हणून 'टू' लागत नाही. उत्तर बरोबर आहे, पण पटत नाही. खरी गोष्ट अशी की जुन्या इंग्रजीत हे नाम विभक्तीत नुसतं वापरलं की 'घराकडे' असा अर्थ निघायचा, आधी काही जोडावं लागत नसे. बाकीच्या नामांची ती पद्धत मोडली आणि त्यांना 'टू' घ्यावा लागला. 'होम' रोज तोंडात असलेला शब्द, तो जुन्याच वळणाने चालत राहिला. 'माय' लावून त्याला पुन्हा नाम केलं, तर 'टू माय होम' म्हणता येतं. आपणही शाळेत जातो, बाजारात जातो, कचेरीत जातो, आणि घरी जातो. 'गोइंग होम'मधला 'होम' म्हणजे 'घर' नव्हे, 'घरी'. त्याची दीर्घ ई कानाला ऐकू येत नाही, एवढंच.